चार वाट्या भात म्हणजे किती पोळ्या?

"ताई, आम्ही बाहेरचं जवळजवळ खातच नाही. पिझ्झा महिन्यातून एकदा. बाकी सगळं घरचं, माझ्या हातचं, तरी माझ्या नवऱ्याचा ए-वन-सी ६.१ आला. माझं कुठे चुकतंय?"

डॅलसजवळून आलंय पत्र. (ए-वन-सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारी टेस्ट.) नाव देऊ नका म्हणालीये, म्हणून देत नाही. पत्र चांगलं लांबलचक आहे, त्यात सासूबाई आहेत, सात वर्षांचा मुलगा आहे, एअर फ्रायर आहे, रविवारी आठवड्याचं करून ठेवावं का हेही आहे. येते सगळ्यांकडे. पण आधी ते वाक्य, जे तू अगदी जाता जाता लिहून गेलीस: "वरणभात तो बोलमध्ये घेऊन टीव्हीसमोर बसतो, पण एकदाच घेतो हं, परत घेत नाही."

अगं, पण बोल केवढा?

मला ओळखणारे म्हणतील, आली ही परत वाटीवर. येणारच. मला आजवर ज्यांनी ज्यांनी "घरचंच खातो तरी वजन वाढतंय" असं लिहिलं त्यातल्या एकीनेही मला भांड्याचं माप सांगितलेलं नाही. तेल कुठलं, तांदूळ पांढरा की ब्राऊन, गूळ चालेल का, सगळं विचारतील, पण खाताय कशात ते नाही.

आमचंही तेच झालं होतं म्हणून बोलते. १९९७ ला इथे ओहायोत, कोलंबसला आलो तेव्हा आईने बॅगेत सहा स्टीलच्या वाट्या कोंबल्या होत्या, मी कुरकुरत होते की अगं वजन किती होतंय. इथे आल्यावर सेलमध्ये सोळा पीसचा डिनर सेट घेतला, त्यात ते पसरट खोल पास्ता बोल होते, इतके छान दिसायचे, आणि हळूहळू वरणभात त्यात, खिचडी त्यात, मसालेभात त्यात, पोहेसुद्धा त्यात. वाट्या गेल्या गॅरेजमध्ये. आमच्या ह्यांनी त्यात स्क्रू ठेवले. २००३ ला आई सहा महिन्यांसाठी आली, पहिल्याच रात्री जावयाचा बोल बघितला आणि मला किचनमध्ये घेऊन हळूच म्हणाली, "हे काय गं, आंबोण आहे का?" मी हसले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने गॅरेजमधून वाटी शोधून काढली, घासली, आणि ह्यांना म्हणाली की तुम्ही रोज घेता तेवढा भात घ्या बोलमध्ये. मग तो वाटीने मोजत परत पातेल्यात टाकला. एक, दोन, तीन, चार, आणि वर थोडा. हे म्हणत होते मी तर दोन घासच खातो.

आता हिशोब बघ. आपली आमटीची वाटी साधारण १५० मिलीची असते. त्यात शिजलेला भात बसतो १०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १३० कॅलरी. छोटा फुलका, ३० ग्रॅम कणकेचा, शंभर-एकशेपाचचा. म्हणजे चार वाट्या भात झाला पाच फुलके. पाच फुलके तू नवऱ्याच्या ताटात एकदम वाढलेस तर तो म्हणेल अगं वेडी झालीस का. पण भाताचा बोल "एकदाच" घेतला की तो कमीच, असं आपण दोघंही धरून चालतो. आणि त्याच्यावर वरण, आणि वर तूप, चमचाभर तुपाच्या पंचेचाळीस कॅलरी, आणि तूप आपण चमच्याने कुठे घेतो, बरणीतून धार धरतो.

पोळी मोजता येते. भात मोजला जातो तो फक्त वाटीने. आपल्याकडे पानात मूद पडायची ती काय शोभेसाठी होती का? वाटीत भात दाबायचा, पानावर उपडी करायची, वर वरण, तूप, लिंबाची फोड. ती मूद म्हणजेच माप होतं. संपली की भाजी-पोळी, मग मागचा भात हवा तर ताकाबरोबर, आणि तोही वाढणारी बाई विचारून वाढायची. इथे कोणी वाढतच नाही. पातेलं शेगडीवर, बोल हातात, डोळे मॅचवर, आणि घेणारा दिवसभर मीटिंगा करून भुकेलेला. तो कमी कसा घेईल, मीही घेणार नाही.

प्लेटचंही तसंच. आईकडची जेवणाची ताटली नऊ इंची होती. इथल्या डिनर प्लेट्स सर्रास अकरा इंची. दोनच इंच ना? शाळेतलं वर्तुळाचं क्षेत्रफळ आठव, नऊ नव्वे एक्क्याऐंशी, अकरा अक्रे एकशेएकवीस. दीडपट जागा झाली. आणि रिकामी जागा आपल्याला बघवत नाही, तिथे भात सरकतोच.

आणि आणखी एक, तू लिहिलंयस "चौघांना दोन कप तांदूळ लावते". कुठला कप? राईस कुकरबरोबर येतो तो कप १८० मिलीचा. बेकिंगचा अमेरिकन कप २४० चा. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनो, तुमचा २५०. बेकिंगच्या कपाने दोन कप घेतलेस तर शिजून जवळजवळ अकरा वाट्या भात होतो, चौघांत एक सात वर्षांचा, सासूबाई रात्री भात खात नाहीत असं तूच लिहितेस. मग उरलेला कोण संपवतं? "टाकवत नाही म्हणून" तू. बरोबर ना? मीही ते केलंय, पोराच्या ताटातलं, डब्यात परत आलेलं, पातेल्याच्या तळाचं, सगळं माझ्याच पोटात. अन्न टाकू नये हे खरंच, पण मग लावतानाच कमी लाव. सव्वा कप, कुकरच्या कपाने. पुरतो. नाही पुरला तर पोळी आहे.

आता तू म्हणशील, "पण तो जाड नाहीये, डॉक्टर म्हणाली बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २४.५ नॉर्मल आहे." हे वाचून मी कपाळावर हात मारला. आपल्या लोकांचं नॉर्मल वेगळं आहे गं. २००४ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो आला होता, आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन, दोघे शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणारा देशी माणूस आतून असा असतो. म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही २०१५ पासून सांगितलंय की आशियाई लोकांची शुगर तपासायला बीएमआय २५ ची वाट बघू नका, २३ पासूनच तपासा. वजनकाटा राहू दे, नवऱ्याच्या कमरेला टेप लाव, पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि आपल्याला ८० ही भारतीयांसाठीची रेघ आहे. आणि पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, पँट पोटाखाली बांधतात. ए-वन-सी ६.१ म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाच्या आधीची पायरी, ५.७ ते ६.४ मधलं. घाबरू नको पण अंगावरही काढू नको, डॉक्टरने सांगितलेल्या तारखेला परत टेस्ट करा.

तर करायचं काय. नवीन काही नाही. ताटात डावीकडे कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, ह्या दोघींनी मिळून अर्धं ताट भरायचं, आणि ते आधी भरायचं. मग वाटीभर आमटी किंवा उसळ. सगळ्यात शेवटी मूद, एक वाटी, आणि एक किंवा दोन फुलके. हैदराबादच्या एनआयएनने, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेने, २०२४ ला जे ताट सांगितलंय, २००० कॅलरीचं, त्यात दिवसभरात ४०० ग्रॅम भाज्या आहेत आणि धान्य २५० ग्रॅम, कच्चं. आपल्या घरात बरोबर उलटं असतं. बटाट्याची भाजी ही भाजीत धरू नको, ती भाताची बहीण आहे.

भाजी काय करू हे विचारूच नको, मिळतं ते कर. केल बारीक चिरून लसणीच्या फोडणीत टाक, वर दोन चमचे बेसन पेरून झाकण ठेव, अगदी मेथीसारखी नाही लागत पण लागते छान. झुकिनी दोडक्यासारखी कर, मुगाची डाळ घालून. लाल मुळ्याची कोशिंबीर दह्यात. मटकीला मोड येत नाहीत अशी इथे थंडीत सगळ्यांची तक्रार असते, डॅलसला नसेल एवढी, पण ओहायोत मी ओव्हन बंद ठेवून नुसता दिवा लावते आणि फडक्यात बांधून रात्रभर आत ठेवते, सकाळी हे लांब मोड. (ओव्हनवर चिठ्ठी लाव. एकदा ह्यांनी पिझ्झासाठी प्रीहीट केला होता.)

आणि रात्रीच्या वरणभाताऐवजी आठवड्यातून दोनदा धिरडी कर. एक वाटी हिरवे मूग सकाळी ऑफिसला जाताना भिजत घाल, संध्याकाळी आलं, दोन मिरच्या, जिरं, मीठ घालून वाट, फार पातळ नको, हवा तर मूठभर पालक त्यातच वाट. नॉनस्टिक तव्यावर एका धिरड्याला एक छोटा चमचा तेल, बाटलीतून नाही. सहा-सात होतात. एका वाटीत मूग सव्वाशे ग्रॅमच्या आसपास म्हणजे सगळ्या धिरड्यांत मिळून तीस ग्रॅम प्रोटीन. माणशी दोन, बरोबर काकडीची कोशिंबीर, चटणी अर्धा चमचा, कारण खोबरं-दाण्याची चटणी हे तोंडी लावणं आहे, भाजी नव्हे. आंबवायचं नाही, त्यामुळे आयत्या वेळी सुचलं तरी जमतं, फक्त मूग सकाळी आठवले पाहिजेत.

"घरचं" ह्या शब्दावर तुझा फार विश्वास आहे, म्हणून एवढंच सांगते, साबुदाण्याची खिचडीपण घरचीच असते. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, वर दाण्याचं कूट, तूप, बटाटा. उपास म्हणून पास्ता बोलमध्ये घेतली की उपास कसला, तो दिवस नेहमीपेक्षा जड होतो. मला आवडते, मी खाते, वाटीभर, दह्याबरोबर. तेलाचंही माप ठेव, कॅनवर उघडलेली तारीख लिही. चौघांचं घर, माणशी दिवसाला २७ ग्रॅम धरलं तरी महिन्याला साडेतीन लिटर होतात, म्हणजे गॅलनचा कॅन महिनाभर तरी पुरायला हवा, तुझा तीन आठवड्यांत संपतो म्हणतेस.

आमच्या ह्यांचं पुढे काय झालं, तर सहा महिन्यांत पाच किलो उतरले. ते श्रेय शतपावलीला देतात. आईबरोबर रात्री जेवून वीस मिनिटं चालायचे, कारण घरात बसले तर ती त्यांना माझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगायची. चालण्याचा फायदा आहेच, नाही म्हणत नाही, पण वाटी आधी आली.

आता बाकीचं पटकन. सासूबाई "घे ना रे, काय एवढंसं" म्हणून आग्रह करतात, त्याने तुझी चिडचिड होते. त्यांना नको सांगूस, वाढायचं काम त्यांच्याकडे दे. मुदीची वाटी त्यांच्या हातात, "आई, तुमच्यासारखी मूद मला पडत नाही." आग्रह कोशिंबिरीचा करू देत. त्यांनी अख्खं आयुष्य असंच वाढलंय, तुझ्यापेक्षा त्यांना जास्त माहितीये.

मुलगा भाजी खात नाही. सात वर्षांचा आहे, खाईल. ताटात ठेवत जा, मागे लागू नको. त्याच्या डब्यात पास्ता जातो तर जाऊ दे, त्यात मटार टाक. त्याला बाबाच्या मापाने वाढू नको आणि "संपव" म्हणू नको एवढं मात्र पाळ.

रविवारी उसळी, आमट्या करून ठेव, खुशाल. भाज्या चिरून ठेव. भात मात्र रोज ताजा आणि थोडा, कारण फ्रिजमध्ये भाताचा डबा दिसला की फोडणीचा भात होतो आणि तो कोणी वाटीने खात नाही.

एअर फ्रायर घ्यायचा तर घे. कोथिंबीरवडी बरी होते, अळूवडी त्याहून बरी. पण आधी देशातून कोणी येत असेल तर सहा वाट्या मागव, आल्या की एकीत पाणी भरून मोज, १५० मिलीची आहे ना बघ. हल्ली स्टीलच्या दुकानांत वाटीच्या नावाखाली सूप बोल देतात.