पट्टीची मागची बाजू पुसू नका

प्रश्न: दार घासलं गेलं म्हणून गाडी एका गॅरेजात रंगवायला दिली. रंगासाठी त्यांनी दारावरची मोल्डिंगची पट्टी काढली आणि तीच परत चिकटवून दिली. पंधरा दिवसांत पुढचं टोक सुटून पट्टी लोंबायला लागली. मी ओढून काढली, तर मागच्या भागात नवा रंगच पापुद्र्यासारखा निघाला. गॅरेजवाले म्हणतात, पट्टी जुनी होती. शिवाय बिलावर ‘काम झाल्यावर जबाबदारी नाही’ असं छापलंय. थिनरने पुसून नव्या डबल टेपने मीच लावून टाकू, की तक्रार करू?

उत्तर: थिनर आधी बाजूला ठेवा. तुमची अख्खी केस त्या पट्टीच्या मागे चिकटलेली आहे.

पट्टी उलटी करून नीट बघा. फोमची टेप एकदा उचलली की फाटते, ताणली जाते आणि पुन्हा पहिल्यासारखी धरत नाही. म्हणून जुना फोम आणि गोंद पूर्ण काढायचा, दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायचे, नवी टेप लावून दाबून बसवायची, ही रीत. जुन्या फोमवरच नव्या टेपचं ठिगळ दिसलं, किंवा इन्स्टंट ग्लूचे कडक थेंब दिसले, तर कामात कसूर झाली हे दाखवायला तुमच्याकडे वस्तूच आहे. मागच्या टोकाची गोष्ट वेगळी. तिथे टेपला रंग चिकटून आला असेल, तर टेपने काम चोख केलं. संशय रंगावर जातो. खालचा थर नीट घासला नसेल, किंवा रंग पुरता सुकायच्या आत पट्टी बसवली असेल. म्हणजे तुमच्या तक्रारी दोन आहेत, त्या वेगवेगळ्या मांडा.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 151 प्रमाणे, दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेणाऱ्याने ती, सामान्य समंजस माणूस स्वतःची वस्तू जपेल तितकी जपायला हवी. आणि कामाच्या दर्जातली उणीव ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतली त्रुटी आहे. ‘पट्टी जुनी होती’ हे त्यांना काढतानाच दिसलं असणार. तेव्हाच सांगून नवी सुचवायची होती. बिलावरच्या त्या ओळीला फारसं घाबरू नका. काम संपल्यावर हातात पडलेल्या कागदावरची अट कराराचा भाग झाली, असं सिद्ध करणं त्यांना जड जाईल.

आता तुमची कच्ची बाजू. पट्टी हेअर ड्रायरने गरम करून, मागून दोरा ओढून सोडवतात. तुम्ही थंडच ओढलीत, हे ते म्हणणारच. नीट बसलेला रंग असा पापुद्र्याने सुटू नये, हे तुमचं उत्तर. तरी थोडा दोष तुमच्या पदरी पडू शकतो. दुसरं, अशा टेपला पूर्ण पकड यायला साधारण 72 तास लागतात. गाडी दुसऱ्याच दिवशी प्रेशरने धुतली असेल तर ते वकिलापासून लपवू नका. धुऊ नका असं गॅरेजने सांगितलं होतं का, हेही आठवून ठेवा.

पट्टीच्या दोन्ही बाजूंचे आणि दाराचे जवळून फोटो काढा. पट्टी कशाला चिकटणार नाही अशी, न पुसता ठेवा. दुसऱ्या एखाद्या रंगकाम करणाऱ्याकडून कारण आणि खर्च लेखी घ्या. मग गॅरेजला 15 दिवसांची मुदत देऊन नोटीस पाठवा. ते पुन्हा करून देतो म्हणाले तर द्या, पण काय करणार आणि पैसे लागणार नाहीत, हे जॉब कार्डावर लिहून घ्या. नाहीतर नव्या बिलासाठी ते गाडी अडवतील, आणि मजुरी थकली असेल तर करार कायद्याचं कलम 170, म्हणजे मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क, त्यांच्या बाजूने उभं राहतं.

उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत 2 वर्षं, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, आणि बिल 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. गाडी धंद्यासाठी वापरत असाल तर मात्र आधी मला तसं कळवा. नुसत्या पट्टीसाठी मी आयोगात गेलो नसतो. दाराच्या रंगासाठी जरूर गेलो असतो.