बर्फ वितळल्यानंतर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी मी २०१८ च्या फेब्रुवारीत डब्लिनला गेले होते. महिना संपता संपता असा बर्फ पडू लागला की तीन दिवस आम्हाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता आले नाही. त्या तीन दिवसांत घरात ऊब होती, वीज होती आणि नळाला पाणीही होते. मात्र बर्फ वितळला, रस्ते मोकळे झाले आणि नेमके त्यानंतर रात्री नळ कोरडे पडू लागले. पुढच्याच वर्षी सांगलीच्या महापुरात चहूकडे पाणी असून पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. ते का घडले, हे मला कळते. पण बर्फ गेल्यावर पाणी का तुटावे, हे मात्र अजून उलगडलेले नाही.
— एक वाचिका, सांगली

उत्तर : आपण पाहिलेला तो हिमवर्षाव आयर्लंडमध्ये अनेक दशकांत क्वचितच येणाऱ्यांपैकी होता. फेब्रुवारीच्या मध्यात उत्तर ध्रुवाभोवतीच्या वरच्या वातावरणात अचानक तापमानवाढ झाली, नेहमीचे पश्चिमी वारे विस्कळीत झाले आणि पूर्वेकडून, थेट रशियाच्या बाजूने येणारी, अतिथंड हवा युरोपभर पसरली. त्याच वेळी दक्षिणेकडून ‘एमा’ नावाचे वादळ बाष्प घेऊन वर सरकत होते. १ आणि २ मार्चला या दोहोंची गाठ आयर्लंडच्या दक्षिण आणि पूर्व भागांवर पडली. मेट एरन या तिथल्या हवामान संस्थेने संपूर्ण देशासाठी लाल इशारा दिला, आणि विकलोच्या डोंगरातील ग्लेनमकनास येथे बर्फाची जाडी ६९ सेंटीमीटरपर्यंत मोजली गेली.

आता पाण्याविषयी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पाइपमध्ये बर्फाचा बूच बसला आणि पुढचा नळ बंद असला, तर त्या दोहोंमध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि पाइप किंवा त्याचा सांधा फुटतो. परंतु आतला बर्फ कायम असेपर्यंत त्या फटीतून थेंबही बाहेर येत नाही, म्हणून घरच्यांना आणि पाणीपुरवठा करणाऱ्यांना काहीच कळत नाही. हवा उबदार झाली की बूच विरघळतो आणि हजारो ठिकाणी एकाच वेळी गळती सुरू होते. जिथे दर हिवाळ्यात जमीन गोठते, त्या देशांत पाण्याच्या वाहिन्या खोल पुरलेल्या असतात. आयर्लंडमध्ये तशी गरज सहसा पडत नाही. शिवाय तिथल्या बहुतेक जुन्या घरांत पाण्याची टाकी छपराखालच्या माळ्यावर असते, आणि गोठ्यातल्या हौदांकडे जाणारे पाइप कित्येकदा उघड्यावरूनच जातात. त्या आठवड्यात शाळा, कार्यालये आणि दुकाने बंद होती, त्यामुळे तिथे फुटलेला पाइप माणसे कामावर परतेपर्यंत वाहतच राहिला.

त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. वाहते पाणी लवकर गोठत नाही, या समजुतीने असंख्य घरांत रात्रभर नळ थोडे उघडे ठेवले गेले. घरगुती पाणीपट्टी २०१६ पासून स्थगित असल्याने बिलाचा धाक नव्हता हे खरे, तरी मी त्या माणसांना दोष देणार नाही, कारण घरात लहान मूल असताना पाइप गोठण्याच्या भीतीने कोणीही तेच केले असते. मात्र एका घरातला हा सावधपणा लाखो घरांत झाला की शहराला पुरवठा करणारे साठे रात्रीत रिकामे होतात. दिवसा ते भरून घेण्याइतके पाणी शुद्ध करण्याची क्षमता डब्लिन परिसरात मुळातच काठावर होती. म्हणून आयरिश वॉटर या सरकारी कंपनीने रात्री दाब कमी करून साठ्यांना भरायला अवसर दिला, आणि चढावरच्या व वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरांत नळ कोरडे पडले. टोकाच्या घराला पाणी शेवटी मिळते, हे आपल्या शहरांतील वाचकांना सांगायला नको. आपल्या मुलीच्या घरात दुधाच्या बाटल्या उकळायलाही पाणी नसेल, त्या रात्री तिने आणि आपण कशा काढल्या असतील, याची कल्पना मी करू शकतो.

प्रश्न : नकाशात आयर्लंड इतके उत्तरेला असूनही तिथे मोठा बर्फ दुर्मीळ कसा?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : समुद्रामुळे. डब्लिन ५३ अक्षांशांवर आहे, पण अटलांटिकमधला उबदार प्रवाह आणि त्यावरून येणारे नैर्ऋत्येचे वारे हिवाळ्यातही हवा गोठणबिंदूच्या वर ठेवतात, त्यामुळे तिथला हिवाळा पावसाचा असतो. वारा पूर्वेकडून फार दिवस वाहिला तरच खरा बर्फ पडतो. १९४७ मध्ये तसे घडले, १९८२ च्या जानेवारीत घडले, २०१० च्या अखेरीस घडले. दोन घटनांमध्ये इतके अंतर पडते की एका पिढीने शिकलेले दुसरीच्या हाती पोचत नाही, आणि बर्फ हटवणारी यंत्रे किंवा हिवाळी टायर यांवर खर्च करणे कोणालाच परवडणारे वाटत नाही.

प्रश्न : मी संगमनेर तालुक्यात वीस गाईंचा गोठा चालवतो. आयर्लंडमध्ये २०१८ च्या वसंतात परदेशातून चारा आणावा लागला असे वाचले. जो देश गवतासाठी प्रसिद्ध, तिथे चार दिवसांच्या बर्फाने चारा कसा संपला?
— एक दूधउत्पादक

उत्तर : चार दिवसांच्या बर्फाने तो संपला नाही, आधीच संपत आलेला होता. आपला प्रश्न या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आयरिश दूधधंदा चराऊ गवतावर उभा आहे. उन्हाळ्यात गाई कुरणात असतात, आणि त्याच उन्हाळ्यात कापलेल्या गवताचा मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला चारा, करून हिवाळ्यासाठी ठेवला जातो. गाई साधारण नोव्हेंबरात गोठ्यात येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवे गवत फुटण्याच्या बेतात, बहुतेक कळप एकदमच वितो. आपल्याकडे वेत वर्षभर विखुरलेले असते. तिथे दुधाची सुरुवात आणि गवताची सुरुवात मुद्दाम जुळवलेली असते. ही जुळणी साधली तर जगात स्वस्त दूध तयार होते, आणि चुकली तर ताजी व्यालेली गाय, तिचे वासरू आणि रिकामा मुरघासाचा खड्डा एकाच वेळी शेतकऱ्यासमोर उभे राहतात.

२०१७ चे शरदातले महिने पश्चिम आणि वायव्य भागांत फार ओले गेले. रानात पाय रुतत होता, म्हणून गुरे लवकर गोठ्यात आणावी लागली आणि शेवटची गवतकापणी कित्येकांची राहून गेली. जानेवारीतच त्या भागांत चाऱ्याची ओरड सुरू झाली होती. त्यावर मार्चमध्ये बर्फ आला. गवताच्या मुळांना वाढीसाठी जमिनीत पाच-सहा अंशांची ऊब लागते. बर्फानंतर मार्च आणि एप्रिलचा बराचसा काळ थंड आणि ओलाच राहिल्याने ती मिळाली नाही. एप्रिलमध्ये सरकारने चारा आयातीच्या वाहतुकीला मदत जाहीर केली, दूध संघांनी ब्रिटन आणि युरोपातून चाऱ्याच्या गाठी मागवल्या, आणि शेतकरी संघटनांनी चारा असलेल्या जिल्ह्यांतून तो नसलेल्या जिल्ह्यांत पोचवण्याची खटपट केली. लोकांना श्वास घेता येतो न येतो तोच जून-जुलैमध्ये अवर्षण पडले आणि करपलेल्या कुरणांमुळे पुढच्या हिवाळ्याचा मुरघासही जनावरांना उन्हाळ्यातच घालावा लागला.

१९४७ मध्येही हेच सूत्र दिसते. १९४६ ची सुगी पावसाने इतकी धोक्यात आली की डब्लिनचे नोकरदार लोक कापणीसाठी गावोगाव गेले. ओल्या उन्हाळ्यामुळे जळणाचे पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवायची माती, नीट वाळले नाही, कोळसा तर महायुद्धापासून दुर्मीळच होता, आणि अशा हिवाळ्यात फेब्रुवारीच्या अखेरीस मोठे हिमवादळ आले. बर्फाचा घाव किती खोल जातो, हे आदल्या वर्षीची साठवण ठरवते.

त्या चार दिवसांतले नुकसानही लहान नव्हते. वेक्सफर्ड, विकलो आणि किल्डेअर भागांत बर्फाच्या भाराने गोठ्यांची आणि यंत्रांच्या शेडची छपरे कोसळली, भाजीपाला पिकवणाऱ्यांची पॉलिहाउस जमीनदोस्त झाली. दूधसंकलनाचे टँकर पोचू न शकल्याने टाकी भरल्यावर पुढचे दूध ओतून द्यावे लागले. ताज्या विणीच्या हंगामात ओतून दिलेले ते दूध म्हणजे काय असते, हे आपणास सांगण्याचा अधिकार मला नाही.

प्रश्न : त्या दिवसांत डब्लिनमध्ये दुकान लुटल्याची चित्रफीत सर्वत्र फिरत होती. दुसरीकडे आयरिश लोकांच्या शेजारधर्माचे कौतुकही वाचले. यांपैकी खरे काय मानावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही घडले आहे. २ मार्चच्या संध्याकाळी डब्लिनच्या नैर्ऋत्येकडील टाला भागात काही जणांनी एक सुपरमार्केट लुटले आणि खोदकामाच्या यंत्राने इमारत मोडली. पोलिसांनी अटकाही केल्या. परंतु त्या वस्तीतल्या हजारो कुटुंबांनी त्या घटनेचा मनस्ताप भोगला आणि जवळचे दुकानही गमावले. चित्रफितीत ती कुटुंबे दिसत नाहीत.

मला महत्त्वाचे वाटते ते कॅमेऱ्यापासून दूर घडलेले. तत्कालीन टीशॉक, म्हणजे पंतप्रधान, लिओ वराडकर यांनी दक्षिण व पूर्वेकडील लोकांना गुरुवारी दुपारी चारच्या आत घरी पोचण्याचे आवाहन केले होते. (त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल.) लोकांनी ते ऐकले. पण रुग्णालये बंद ठेवता येत नाहीत. परिचारिकांना कामावर आणि डायलिसिसच्या रुग्णांना उपचारांसाठी नेण्याचे काम लष्कर आणि नागरी संरक्षण दलाबरोबर उंच चाकांची गाडी असलेल्या साध्या गावकऱ्यांनीही केले. एक लाखाहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती आणि ती दुरुस्त करणाऱ्यांना रस्ता हवा होता.

तिथल्या खेड्यांत मुख्य रस्त्यापासून घरांकडे जाणाऱ्या अरुंद वाटेला बोरीन म्हणतात. आपली पाणंदच ती, दोन्ही अंगांना दाट कुंपण असलेली. वाऱ्याने उडालेला बर्फ अशा वाटेत कुंपणाच्या माथ्यापर्यंत भरतो. शहरातला बर्फ वितळू लागल्यावरही वेक्सफर्ड आणि विकलोच्या डोंगरकडेची घरे काही दिवस अशीच कोंडलेली होती आणि सरकारी यंत्रे आधी महामार्गांवर गुंतलेली होती. त्या वाटा शेजारच्या शेतकऱ्यांनी आपापले ट्रॅक्टर आणि लोडर लावून मोकळ्या केल्या. या रीतीला आयरिश भाषेत ‘मेहल’ असा शब्द आहे. सुगीत एकाच्या शेतावर सगळ्यांनी राबायचे, मग दुसऱ्याच्या, आणि मजुरी म्हणून जेवण. आपली इर्जिक ती हीच. शेती यंत्रांनी होऊ लागल्यावर दोन्हीकडे ही रीत मागे पडली, तरी तिथे शब्द जिवंत राहिला आणि गरज पडताच कामही जिवंत झाले, याचा मला मनापासून आनंद वाटतो. इर्जिकीचा अर्थ आपल्या किती शहरी मुलांना सांगता येईल, ही चुटपुट मात्र लागून राहते.

प्रश्न : मुलगा शिक्षणासाठी कॉर्कला जात आहे. भाड्याच्या जुन्या घरात राहील. असा प्रसंग आलाच तर त्याने काय करावे?
— एक पालक, नागपूर

उत्तर : घरात राहायला जाताच पाणी बंद करण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, हे त्याने घरमालकाकडून दाखवून घ्यावे, तो बहुधा स्वयंपाकघरातल्या सिंकखाली असतो आणि पुष्कळदा गंजून घट्ट झालेला असतो, म्हणून तो फिरतो का, हेही पाहावे. साधारणपणे थेट वाहिनीचे, पिण्याचे पाणी फक्त स्वयंपाकघरातल्या नळाला येते आणि बाकीचे माळ्यावरच्या टाकीतून. त्या टाकीला आणि पाइपांना वेष्टण आहे का, याची खात्री हिवाळ्याआधी करावी. नळ उघडे ठेवू नयेत. त्याऐवजी घर रिकामे नसेल तर थोडी ऊब सतत राहू द्यावी आणि माळ्याचे झाकण किंचित उघडे ठेवावे, म्हणजे खालची ऊब वर जाते. सुट्टीत भारतात येणार असेल तर मुख्य कॉक बंद करूनच निघावे.

पाइप गोठलाच तर त्यावर आगीची ज्योत धरू नये. कॉक बंद करून नळाच्या बाजूने सुरुवात करत कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने हळूहळू ऊब द्यावी. बर्फ वितळू लागलेल्या दिवशी माळ्यावर, सिंकखाली आणि अंगणात एक फेरी मारावी, आणि शेजारी कोणी वृद्ध व्यक्ती एकटी राहत असेल तर तिच्या घरीही तेवढीच पाहणी करून यावी, कारण माळ्याच्या शिडीवर चढणे तिला शक्य नसते आणि छतातून पाणी गळू लागेपर्यंत तिला काही कळणार नसते.