बालगृहाचे मोजमाप कशाने करावे?

प्रश्न : सोलापुरातील एका बालगृहाच्या विश्वस्त मंडळावर मी दोन वर्षांपासून आहे. वार्षिक अहवालात आम्ही मुलांची संख्या, दहावीचा निकाल आणि देणग्या छापतो. यंदा एका देणगीदाराने विचारले, ‘तुमच्याकडे राहून मुलांचे नेमके काय भले झाले?’ मला उत्तर सुचले नाही. शासकीय तपासणी तर होतेच. मग मूल्यमापन ते वेगळे कसले?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 54 नुसार तपासणी समितीने किमान तीन महिन्यांतून एकदा भेट द्यायची असते. खाटा, स्वयंपाकघर, स्वच्छतागृहे, नोंदवह्या जागेवर आहेत की नाहीत, हे त्यातून कळते. मुलात काय फरक पडला, हे कळत नाही. स्वतंत्र मूल्यमापनाची तरतूद म्हणूनच कलम 55 मध्ये वेगळी केली आहे. पंढरपुरात 1875 साली प्रार्थना समाजाने बालकाश्रम सुरू केला तेव्हा टाकलेले मूल जगले, हेच मोठे यश होते. आज तेवढ्यावर भागत नाही.

दहावीच्या निकालाचेच पाहा. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन तिसरीतच शाळा सुटलेला, तेराव्या वर्षी आपल्याकडे आलेला मुलगा आणि सहाव्या वर्षापासून आपल्याकडेच वाढलेली मुलगी, दोघेही निकालाच्या तक्त्यात ‘उत्तीर्ण’ असतात. म्हणून प्रवेशानंतर पहिल्या महिन्यातच उंची, वजन, वाचन, झोप आणि भीती यांची नोंद करावी आणि दर सहा महिन्यांनी तीच नोंद पुन्हा घेऊन आधीच्या नोंदीशी तुलना करावी. वैयक्तिक काळजी योजना यासाठीच असते. मात्र दहा मुलांच्या फायलींत तीच चार वाक्ये उतरवलेली दिसली, तर ती योजना नसून निव्वळ कागद आहे असे समजावे.

दुसरी तुलना अवघड आहे: हे मूल इथे आले नसते तर? रुमेनियातील बुखारेस्टमध्ये 2000 साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थेतील 136 लहान मुलांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून, पालक-कुटुंबांत ठेवले गेले. बौद्धिक वाढ आणि जिव्हाळा या दोन्ही बाबतींत ती मुले सरस ठरली, विशेषतः दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेली. हा निष्कर्ष बारा वर्षांच्या मुलाला जसाच्या तसा लावता येणार नाही; तरीही आपल्याकडील किती मुलांची आई किंवा आजी हयात आहे आणि बालसंगोपन योजनेच्या (मूल कुटुंबातच वाढावे म्हणून मिळणाऱ्या शासकीय मदतीच्या) आधाराने त्यांतील किती घरी राहू शकली असती, हे मोजायलाच हवे.

एकदा संध्याकाळी न कळवता जाऊन बसा. प्रत्येक मुलाची स्वतःची चादर आहे, की झोपताना ढिगातून हाताला येईल ती ओढली जाते, ते पाहा. चादरींच्या या गावात तरी हा प्रश्न पडू नये! अनोळखी पाहुण्याला धावत येऊन बिलगणारी मुले पाहून देणगीदार सुखावतात. जाणकार मात्र सावध होतात, कारण कोणाही परक्याशी अशी सलगी करणे हे पुष्कळदा आपले म्हणावे असे एकही माणूस नसल्याचे लक्षण असते. मुलांशी बोलणारी व्यक्ती संस्थेबाहेरची असावी; अधीक्षकांच्या देखत मुले ‘सगळे छान आहे’ असेच सांगतील.

सर्वांत मोठी उणीव मात्र संस्था सोडल्यानंतरची आहे. अठराव्या वर्षी नोंदवहीत ‘मुक्तता’ असे लिहिले की पान संपते. वास्तविक कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरही आधार देण्याची, सोय आहे. मागील पाच वर्षांत बाहेर पडलेल्या सर्वांची यादी काढा. कोण कोठे राहते, काय कमावते, आजारी पडल्यास कोणाला फोन करते, हे विचारा. जे सापडणार नाहीत त्यांचा आकडाही अहवालात छापा. देणगीदारांना उत्तर देताना नोकरीला लागलेल्या दोघांचे फोटो पुरणार नाहीत.