लाइन सुटत का नाही? वाचकांचे प्रश्न, तंत्रज्ञांची उत्तरं

प्रश्न : मोंढ्यात आमची अडत आहे. तीन लाइन आणि आठ इंटरकॉमचं ईपीएबीएक्स (बाहेरच्या लाइन आतल्या फोनना जोडणारं मशीन) आहे. तांब्याची तार जाऊन फायबर आलं तेव्हापासून सकाळी दुकान उघडावं तर एखादी लाइन ‘बिझी’च असते. मशीन बंद-चालू केलं की सुटते. फोनवाले मशीनकडे बोट दाखवतात, मशीनवाला लाइनकडे. – अडत व्यापारी, लातूर

उत्तर : लाइनही धड असेल आणि मशीनही. फोन संपल्याची खूण एकाकडून दुसऱ्याला पोचत नाही, एवढंच झालंय. दिवसा माणूस रिसीव्हर ठेवतो, लाइन मोकळी होते. रात्री फोन उचलतो ऑटो अटेंडंट, म्हणजे मशीनमधला आपोआप उत्तर देणारा आवाज. समोरच्याने फोन ठेवला हे त्याला एकतर लाइनचा करंट क्षणभर तुटल्यावरून कळतं, नाहीतर बिझी टोनवरून. फायबरच्या मोडेमचा फोन पोर्ट कित्येकदा करंट तोडतच नाही. त्यात सेटिंग दुसऱ्या देशाची राहिलेली असली तर टोनही भलताच येतो. आपला बिझी टोन ४०० हर्ट्‌झचा, पाऊण सेकंद वाजतो नि पाऊण सेकंद गप्प.

खात्री अशी करा. ईपीएबीएक्सची वायर काढून साधा फोन थेट मोडेमच्या पोर्टला लावा. मोबाइलवरून त्यावर फोन करा, उचला आणि मोबाइल कट करा. आता रिसीव्हर कानाला धरून ऐका. टोन येतो का, किती वेळ वाजतो, किती वेळ थांबतो ते लिहून घ्या. जमलं तर मल्टिमीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवून लाइनला समांतर जोडा. रिसीव्हर ठेवलेला असताना साधारण ४८ व्होल्ट (मोडेमवर थोडे कमीही), उचलल्यावर ६ ते १२. कट केल्यावर आकडा क्षणभर शून्याकडे गेला तर करंट तुटतोय. हा तुटवा अर्ध्या सेकंदाहून कमी असेल तर साध्या मीटरला तो दिसत नाही, म्हणून चार-पाच वेळा बघा.

टोन येत असेल तर मशीनवाल्याकडून ट्रंकचं (बाहेरून येणाऱ्या लाइनचं) ‘डिस्कनेक्ट टोन’ सेटिंग ४०० हर्ट्‌झ, ७५० मिलिसेकंद करून घ्या. करंट तुटत असेल तर ‘लूप ब्रेक’ची वेळ त्या तुटव्यापेक्षा थोडी कमी ठेवा. फार कमी ठेवलीत तर भाव सांगता सांगता फोन कट होतील. टोन भलताच असेल तर फोन कंपनीकडे नुसती ‘लाइन खराब’ अशी तक्रार नोंदवू नका, ‘मोडेममधला टोन भारताच्या सेटिंगवर करून द्या’ असं स्पष्ट सांगा. तोवर ऑटो अटेंडंटला तीन मिनिटांची मर्यादा लावा. आणखी एक, तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून मिळायची, मोडेमला ती तुमच्या बोर्डातून लागते. भारनियमनात लाइन जिवंत हवी तर ईपीएबीएक्सबरोबर मोडेमही यूपीएसवर घ्या.

प्रश्न : दरवर्षी वळवाच्या पावसात आमच्या जिनिंगचं ट्रंक कार्ड जळतं. वीज कारखान्यावर पडलेली नसते. अर्थिंग केलेलं आहे. – व्यवस्थापक, परभणी जिल्हा

उत्तर : वीज जवळपास कुठेही पडली तरी खांबावरून आलेल्या उघड्या वायरीत हजारो व्होल्टचा झटका उठतो. गेटवरच्या वॉचमनच्या इंटरकॉमची वायर बाहेरून गेली असेल तर तिच्यातूनही तो आत येतो, आणि ही वायर हमखास विसरली जाते. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जोडीवर एमडीएफमध्ये (सगळ्या वायरी जिथे जोडल्या जातात त्या पेटीत) झटका जमिनीत वळवणारी २३० व्होल्टची तीन पायांची गॅस ट्यूब हवी, मधला पाय अर्थला. मोठा झटका खाल्लेली ट्यूब कधी शॉर्ट होते, मग लाइन मरते आणि निदान कळतं तरी. कधी ती आतून उघडी पडते. तेव्हा फोन छान चालतो आणि संरक्षण शून्य असतं. म्हणून मे महिन्यातच ट्यूबा बदला.

अर्थिंग ‘केलेलं आहे’ यावर थांबू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि प्लेटपासून सुटते. जानेवारीत चांगलं आलेलं माप मेमध्ये टिकत नाही. मीठ-कोळसा भरून खड्ड्याला पाणी द्या आणि अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या आत येतं का ते मेअखेरीलाच बघा. एमडीएफपासून खड्ड्यापर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर सरळ आणि आखूड न्या, उरलेली गुंडाळून ठेवू नका. फोनचा अर्थ आणि विजेचा अर्थ वेगळे असतील तर इलेक्ट्रिशियनकडून एकमेकांना जोडून घ्या. नाहीतर दोन खड्ड्यांमधला दाब कार्डातूनच वाट काढतो. ढग जमले की नुसता प्लग काढून भागत नाही, लाइनही काढा. मात्र गडगडाट सुरू झाल्यावर वायरीला हात लावू नका.

प्रश्न : अमेरिकेहून भाच्याने आणलेलं आन्सरिंग मशीन दवाखान्यात लावलं. चार रिंगवर ठेवलं तरी दुसऱ्याच रिंगला उचलतं, आणि प्रत्येक निरोपामागे टूं-टूं भरून मेमरी संपते. – डॉक्टर, जालना

उत्तर : आपली घंटी जोडीने वाजते : ०.४ सेकंद घंटी, ०.२ खंड, पुन्हा ०.४ घंटी, मग २ सेकंद शांतता. अमेरिकेत २ सेकंद सलग घंटी आणि ४ सेकंद शांतता. काही मशीन आपली जोडी दोन रिंगा म्हणून मोजतात. आकडा जमेल तितका वाढवा. तिकडचा बिझी टोन ४८० आणि ६२० हर्ट्‌झ मिसळलेला, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचा. आपला टोन त्या मशीनला ओळखू येत नाही, ते त्याला बोलणंच समजतं. निरोपाची लांबी ‘अनलिमिटेड’वरून एक मिनिटावर आणा. ॲडॉप्टर ११० व्होल्टचा असेल तर थेट बोर्डात लावू नका. नवा घेताना आउटपुट एसी आहे की डीसी ते वाचा. ९ व्होल्ट एसीवर चालणाऱ्या मशीनला ९ व्होल्ट डीसीचा ॲडॉप्टर चालेलच असं नाही.

प्रश्न : दोन लाइनच्या फोनची वायर उंदराने कुरतडली, नवी लावली. आता दुसरी लाइन मुकी. – शाळा कार्यालय, अंबाजोगाई

उत्तर : नवी वायर दोन तारांची असणार. पिन उजेडात धरा. मधल्या दोनच जागी पितळी पट्ट्या दिसल्या तर तेच. दुसरी लाइन त्यांच्या बाहेरच्या जोडीवर असते. दुकानात ‘चार तारांची’ असं सांगून मागा.

प्रश्न : इंटरकॉमवरून लातूर-पुणे बंद ठेवायला शून्याचं लॉक लावलं होतं. मोबाइलही लागत नाही. – पतसंस्था, बीड

उत्तर : १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लागतो, म्हणून एसटीडीचं लॉक त्यालाही अडवतं. परवानगीच्या यादीत ०६, ०७, ०८, ०९ टाका. यात नागपूरचा ०७१२ही सुटेल, पण तुमचे पुण्याचे ०२० आणि लातूरचे ०२३८२ बंदच राहतील. बाहेरच्या लाइनसाठी तुम्ही शून्यच दाबत असाल तर मोबाइलला शून्य दोनदा दाबावा लागेल.