शांघाय की तैपेई : तुमच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर

तुमची कंपनी चीनमधले शांघाय आणि तैवानची राजधानी तैपेई यांपैकी एक शहर निवडायला सांगते आहे, तुम्ही समलिंगी आहात, घरी अजून बोललेला नाहीत, आणि ‘चिनी संस्कृती या बाबतीत पूर्वापार उदार आहे’ असे वाचल्यामुळे दोन्हीकडे सारखेच मोकळे वाटेल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी शांघायमध्ये चार वर्षे काढली आणि आता सात वर्षे तैपेईत आहे. सारखे वाटणार नाही, हे आधीच सांगतो.

ज्या उदारतेबद्दल तुम्ही वाचले, तिचा आधार बहुधा दोन जुन्या कथा असतात. हान घराण्याचा सम्राट आय याच्या बाहीवर डोके ठेवून त्याचा प्रियकर दोंग श्येन झोपला होता. त्याची झोप मोडू नये म्हणून सम्राटाने स्वतःची बाहीच कापली, आणि तेव्हापासून ‘दुआनश्यू’ म्हणजे ‘कापलेली बाही’ हा पुरुषांमधील प्रेमासाठी शब्द झाला. दुसरी कथा वेई राज्याच्या लिंग या राजाची. त्याच्या आवडत्या तरुणाने अर्धे खाऊन गोड लागलेले पीच त्याला दिले, तेव्हा राजाने त्याच्या प्रेमाचे कौतुक केले. पुढे त्या तरुणाचे रूप ओसरल्यावर ‘याने मला उष्टे फळ दिले होते’ असा त्याच गोष्टीचा गुन्हा झाला. हान फेई या विचारवंताने ही कथा राजाच्या मर्जीवर विसंबणाऱ्यांना इशारा म्हणून सांगितली आहे, प्रेमाचा गौरव म्हणून नव्हे. दोंग श्येनलाही सम्राटाच्या मृत्यूनंतर, इसवी सनापूर्वी पहिल्या वर्षी, आत्महत्या करावी लागली. विशेष म्हणजे तो विवाहित होता आणि त्याच्या पत्नीलाही राजवाड्यात राहण्याची मुभा मिळाली होती. पुरुषावर प्रेम करण्यास फारशी हरकत नव्हती, मात्र लग्न करून वंश चालवण्यापासून सुटका नव्हती. छिंग राजवटीने १७४० मध्ये संमतीने झालेल्या संबंधांनाही शंभर फटके आणि महिनाभर गळ्यात लाकडी खोडा अशी शिक्षा ठरवली, हेही उदारतेच्या त्या गोष्टींत सहसा सांगितले जात नाही.

वंशाची ती अट आजही शांघायमध्ये दिसते. पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी आईवडील उघड्या छत्र्यांवर मुलामुलींचे वय, उंची, शिक्षण आणि पगार लिहिलेले कागद लावून बसतात. आपल्याकडच्या वधू-वर सूचक मंडळाच्या वह्या छत्र्यांवर चिकटवल्या आहेत, असे मला पहिल्यांदा वाटले. कायद्याचे म्हणाल तर समलिंगी पुरुषांविरुद्ध वापरले जाणारे ‘गुंडगिरी’चे मोघम कलम १९९७ मध्ये रद्द झाले आणि २००१ मध्ये समलैंगिकता मानसिक आजारांच्या यादीतून निघाली, त्यामुळे तुम्हाला कुणी अटक करणार नाही. पण नात्याला मान्यताही नाही. म्हणून ‘शिंगहुन’ हा शब्द तिथे पावलोपावली भेटतो: समलिंगी पुरुष आणि समलिंगी स्त्री यांनी घरच्यांच्या समाधानासाठी आपसांत केलेले नावापुरते लग्न. नवऱ्याबद्दल काहीच ठाऊक नसताना अशा पुरुषाशी लग्न झालेल्या स्त्रियांसाठीही वेगळा शब्द आहे, ‘थोंगछी’. या शब्दामागचे दुःख आपल्याकडेही आहे, फक्त त्याला नाव नाही.

भाषेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मला सर्वांत अनपेक्षित दिलासा तिथेच मिळाला. मराठीत आपले क्रियापदच चुगली करते. ‘तो आला’ की ‘ती आली’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. चिनी भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ दोन्हींचा उच्चार ‘था’ असाच होतो आणि क्रियापद बदलत नाही. कार्यालयात ‘दुइश्यांग’ (म्हणजे जिच्याशी किंवा ज्याच्याशी जुळले आहे ती व्यक्ती) आहे का, असे कुणी विचारले, तर तुम्ही एकही खोटे वाक्य न बोलता तासभर गप्पा मारू शकता. लिहिताना मात्र सावध राहा, कारण ‘ती’साठी वेगळे अक्षर आहे. ते विसाव्या शतकाच्या आरंभी ल्यू बाननोंग या कवीने रूढ केले आणि निरोप टाइप करताना सहसा दोन्हींतले एक निवडावे लागते.

दुसरा महत्त्वाचा शब्द ‘थोंगजी’. त्याचा मूळ अर्थ ‘कॉम्रेड’, क्रांतीतला सोबती. सुन यत्-सेन यांच्या अनुयायांपासून माओंच्या पक्षापर्यंत सर्वांनी तो वापरला. १९८९ मध्ये हाँगकाँगच्या एका समलिंगी चित्रपट महोत्सवाने तो स्वतःसाठी उचलला आणि मग तैवान व मुख्यभूमीवरही पसरला. मजा अशी की चीनमध्ये पोलिसाला हाक मारताना अजूनही ‘पोलीस थोंगजी’ म्हणतात, त्यामुळे नवख्याने तरुण मंडळींसमोर हा शब्द जपून उच्चारावा. बारमध्ये तुम्हाला ‘एक’ की ‘शून्य’, म्हणजे शरीरसंबंधात तुमची भूमिका देणाऱ्याची की घेणाऱ्याची, असे विचारतील. आकड्यांची लाज वाटायची गरज नाही, आणि उत्तर देण्याची सक्तीही नाही.

शांघायचे रात्रीचे जीवन आहे, पण ते पाहुण्यासारखे जगावे लागते. २००९ पासून भरणारा शांघाय प्राइड २०२० मध्ये आयोजकांनी थांबवला, बीजिंगचे एलजीबीटी केंद्र २०२३ मध्ये बंद झाले, आणि ब्लूड हे समलिंगी पुरुषांच्या ओळखी जुळवणारे तिथलेच ॲप २०२५ मध्ये ॲपलच्या चिनी स्टोअरमधून काढले गेले. नाचगाणी होतात, गर्दीही असते, परंतु पत्ता ओळखीतून कळतो आणि सहा महिन्यांनी तो बदललेला असतो. मला ती चार वर्षे आवडली. मात्र तिथे म्हातारे होण्याची कल्पना मी कधी केली नाही. एक व्यावहारिक सूचना: दीर्घ निवासाच्या परवान्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत तिथे एचआयव्हीची चाचणी असते. तैवानने परदेशी रहिवाशांवरील असे निर्बंध २०१५ मध्ये उठवले.

तैपेईत मोकळेपणा डोळ्यांना दिसतो. शिमेन भागात १९०८ साली बांधलेल्या ‘रेड हाउस’ या लाल विटांच्या जुन्या बाजाराच्या इमारतीमागे लहान लहान बारची रांग आहे आणि टेबले उघड्यावर मांडलेली असतात. शेजारून शाळेची मुले आणि आज्या जातात. इथे फाशांचा खेळ शिकून घ्या, कारण ओळख त्यावरच होते. मेट्रो मध्यरात्री बंद होते, म्हणून घर शोधताना अंतर पाहा. मोकळेपणा आयता आलेला नाही: १९८७ पर्यंत मार्शल लॉ होता आणि आज २२८ शांतता उद्यान म्हणून ओळखली जाणारी बाग तेव्हा समलिंगी पुरुषांची लपतछपत भेटण्याची जागा होती. छी ज्या-वेई या कार्यकर्त्याने समलिंगी विवाहाच्या नोंदणीसाठी पहिला अर्ज केला तो १९८६ मध्ये. अशा विवाहाच्या बाजूने न्यायालयाचा निर्णय (‘निर्वचन क्रमांक ७४८’) २०१७ मध्ये आला, पण २०१८ च्या जनमतात लोकांनी विरोधात कौल दिला, म्हणून २०१९ च्या कायद्याच्या नावात ‘विवाह’ हा शब्दच नाही. ते नाव ‘निर्वचन क्रमांक ७४८ ची अंमलबजावणी’ असे कोरडे आहे. लग्न मात्र खरे होते.

जानेवारी २०२३ पासून, ज्यांच्या देशात असा विवाह मान्य नाही त्यांनाही तैवानी जोडीदाराशी इथे लग्न करता येते, म्हणजे आपल्यालाही. भारतात ते मान्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलेच. तुम्ही माझा सल्ला मागितला आहे, तो तैपेईचा आहे. पगार थोडा कमी असला तरी. पुढेमागे गरज पडेल म्हणून अविवाहित असल्याचा दाखला कसा मिळतो याची चौकशी निघण्यापूर्वीच करून ठेवा. मी माझा दाखला काढायला गावी गेलो तेव्हा लिपिकाने सहज विचारले, ‘मुलगी तिकडचीच का?’ मी म्हणालो, ‘माणूस तिकडचंच आहे.’ त्यांनी शिक्का मारला.