व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर, मोटर ओव्हरलोडचा फॉल्ट सारखा येतो. करंटची सेटिंग वाढवली तर चालेल का?

नाही चालणार. तुमची कन्व्हेयरची मोटर साडेसात एचपीची, नेमप्लेटवर 11 अँपिअर, आणि साहेब म्हणतात 14 भरा. ड्राइव्हला मोटर किती तापली ते दिसत नाही. तुम्ही भरलेला आकडा आणि प्रत्यक्ष करंट यांवरून तो हिशेब करतो. खोटा आकडा भरलात तर आधी फॉल्ट जाईल, मग वाइंडिंग.

मी साखर कारखान्यात इलेक्ट्रिकलला आहे. आमच्या केन कॅरियरवर, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या कन्व्हेयरवर, अगदी हेच झालं. ऐन गाळपात गव्हाण उसाने भरलेली, बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि ड्राइव्ह ओव्हरलोड दाखवून बंद. मेकॅनिकलवाले दर वेळी तेच म्हणायचे, "तुमचा ड्राइव्ह बाद आहे." एका रात्रपाळीत कुणीतरी करंट वाढवून ठेवला. ट्रिपिंग थांबलं आणि पुढच्याच आठवड्यात मोटर जळाली. उघडून बघितली तर तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या. एक फेज गेली असती तर काही कॉइल स्वच्छ राहिल्या असत्या. ही मोटर सावकाश भाजली होती.

कॅरियरचं रिडक्शन, म्हणजे मोटरचा वेग उतरवणारी जोडणी, असं निवडलेलं, की हवा तो वेग 15 हर्ट्झलाच मिळायचा. 50 हर्ट्झला साडेचौदाशेच्या आसपास फिरणारी मोटर तिथे जेमतेम चारशेवर. मागचा पंखाही तेवढाच फिरणार, म्हणजे वारा नावालाच. ओढ मात्र पूर्ण. बरेच ड्राइव्ह कमी फ्रिक्वेन्सीला ओव्हरलोडची मर्यादा आपोआप खाली आणतात, ते याचसाठी. मी पहिल्यापासून सांगत होतो, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदला, मोटर चाळीस हर्ट्झच्या जवळ चालू द्या. ते झालं मोटर जळाल्यावर. कॅरियरचा वेग तोच राहिला, मोटरवरची ओढ निम्म्याहून खाली आली, आणि हंगाम संपेपर्यंत पुन्हा तो फॉल्ट आला नाही. फॉल्ट ड्राइव्हच्या डिस्प्लेवर दिसला म्हणजे चूक इलेक्ट्रिकलची, हे मला आजही मान्य नाही.

तेव्हा ट्रिप किती हर्ट्झला होतं ते फॉल्ट हिस्टरीत बघा. मग कपलिंग सोडून मोटर एकटी चालवा. करंट नेमप्लेटच्या बराच खाली आला, तर जॅम बेअरिंग, जास्त ताणलेला बेल्ट, न सुटणारा ब्रेक यांचं उत्तर मेकॅनिकलने द्यायचं, आणि ते त्यांच्याकडून लेखी घ्या. एकटीच जास्त घेत असेल तर टॉर्क बूस्ट (कमी वेगाला ड्राइव्ह देतो ते जादा व्होल्टेज) आणि वाइंडिंगची स्टार-डेल्टाची जोडणी तपासा.

हां, क्लॅम्प मीटर ट्रू आरएमएस (वेडावाकडा करंटही बरोबर मोजणारा) नसेल तर आउटपुटवरचं त्याचं रीडिंग धरू नका. इनपुटला करंट कमी दिसतो, त्यावरून मोटरवर लोड नाही असंही ठरवू नका. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायचा तर मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडवूनच. आणि सप्लाय बंद केल्यावर लगेच हात घालू नका. 415 व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसला (आतल्या कपॅसिटरवर) 580 च्या वर व्होल्टेज असतं, ते उतरल्याचं मीटरने बघून मगच टर्मिनलला हात लावा.