स्टॉकहोमला तबला आणावा का?

तुमचे प्रश्न दोन: आयटीची नोकरी घेऊन स्टॉकहोमला येताना तबला आणावा का, आणि आफ्रिकी आणि नॉर्डिक संगीत मिसळणाऱ्या मोनोस्वेझीसारख्या बँडमध्ये शिरकाव झाला तर नोकरी सोडता येईल का. तबला जरूर आणा. नोकरी सोडायचं मात्र निदान पहिली दोन वर्षं मनातही आणू नका, कारण सुरुवातीचं वर्क परमिट ठरावीक कंपनी आणि ठरावीक कामापुरतंच असतं. मानधन घेऊन वाजवायचं असेल तर आधी मिग्रेशन्सवेर्केटला, म्हणजे परमिट देणाऱ्या सरकारी खात्याला विचारा. संगीत शिकायला म्हणून यावं, तर २०११ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सणसणीत फी पडते.

आता वाजवण्याचं. मोनोस्वेझीत होप मसिके झिंबाब्वेची, म्बिरा (अंगठ्यांनी छेडायच्या धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) वाजवत गाणारी. सॅक्सोफोनवाला हॉलवर्ड गोडाल नॉर्वेचा. बाकीचे मोझांबिक आणि स्वीडनचे. त्यांच्या एका अल्बममध्ये चक्क आपली पेटी आहे. त्याआधीही बेंग्ट बर्गर हा स्वीडिश तालवादक भारतात शिकला, मग घानातलं अंत्यविधीचं संगीत शिकून त्यानं ‘बिटर फ्युनरल बिअर बँड’ उभा केला. १९८२ मध्ये फ्रँकफुर्टला या बँडबरोबर डॉन चेरीचं ट्रम्पेट आणि के. श्रीधर यांचा सरोद वाजला होता. त्यामुळे नुसता तबला बघून इथे कोणी हरखून जात नाही. ज्यांच्याबरोबर वाजवायचं त्यांचं संगीत तुमच्या हातात बसलंय का, हे बघतात.

म्बिरा तुम्हाला लवकर जमेल. बारा-बारा ठोक्यांच्या चार ओळींचं आवर्तन. त्यात तीनचा हिशोब धरा नाहीतर दोनचा, दोन्ही चालतात. आडलयीची, म्हणजे दोनात तीन बसवायची तालीम इथे उपयोगी पडते. खरी दांडी उडते ती पोल्स्कावर, म्हणजे स्वीडनच्या तीन मात्रांच्या लोकनृत्याच्या चालींवर. तीन मात्रा ऐकल्या की आपला हात दादऱ्याकडे धावतो. पण पाय पडतो पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, आणि मधली मात्रा प्रांताप्रांतानुसार मागेपुढे सरकते. नोटेशनवरून ते येत नाही. उन्हाळ्यात गावोगावी वादकांचे मेळावे भरतात, तिथे झाडाखाली फिडलवाल्यांच्या शेजारी बसा आणि पहिल्यांदा नुसता त्यांच्या पायाचा ठेका धरा. साधारण तिशीच्या आत असाल तर रेट्विक गावातलं एथ्नो हे लोकसंगीताचं शिबिर सोडू नका. तिथे मुलं एकमेकांना कानानंच चाली शिकवतात.

सरावाला फ्लॅट विसरा, शेजारी तक्रार करतात. स्टुडिएफ्रेम्यांदेतसारख्या लोकशिक्षणाच्या संस्था बँडना खोल्या देतात. अशा खोल्यांमध्येच ओळखी होतात. इथले असे बरेच वादक शिकवण्या आणि अनुदानावर घर चालवतात, हेही तिथेच कळेल.

आणि हिवाळा. हीटरच्या कोरड्या हवेत पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) ताणली जाते, सूर चढतो, कधी पुडी फाटतेही. वाजवून झालं की बाजूचे लाकडी गठ्ठे वर ठोकून पुडी सैल करून ठेवा. पुडी चढवून देणारा इथे शोधत बसण्यापेक्षा स्वतः चढवायला शिकून या, दोन जादा पुड्या आणि ती आवळायची चामडी वादी आणा. सूर लावायची हातोडी तेवढी चेक-इनच्या बॅगेत टाका, नाहीतर मुंबई विमानतळावरच काढून घेतील.